मासा सोडून देणाऱ्यांचा क्लब नदीसाठी काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत नुकतंच घर घेतलं आहे. सहावीतल्या मुलीच्या वर्गात टाकीत ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाची अंडी वाढवायला ठेवली आहेत. तिथे मदतीला येणाऱ्या फ्लाय फिशिंग (गरीला पिसादोऱ्याचा खोटा किडा बांधून मासे पकडणं) क्लबच्या एका आजोबांनी आम्हाला मासिक बैठकीला बोलावलं आहे. आम्ही मूळचे मालवणकडचे. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, याला संवर्धन का म्हणतात तेच कळत नाही. हा पैसेवाल्यांचा छंद आहे की क्लब खरंच काही काम करतो? आम्ही जावं का?

उत्तर:

जरूर जा. मी इथल्याच एका क्लबाचं नदीचं काम बरीच वर्षं बघतोय, म्हणजे झाडं लावणं, तापमान मोजणं, परवानग्यांचे कागद वगैरे. आमचा क्लब ‘ट्राउट अनलिमिटेड’ या देशभरच्या संस्थेची स्थानिक शाखा आहे.

तुमची शंका रास्त आहे. मासा सोडून दिला की संवर्धन झालं, असं मानणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. सोडल्याने इतकंच होतं की तो मासा त्या दिवशी तव्यावर जात नाही. नीट सोडला तर जगतो. नीट सोडला नाही तर थोड्या वेळाने खाली कुठेतरी मरतो आणि सोडणाऱ्याला पत्ताही लागत नाही. १९९२ साली कॅनडातल्या एका प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात रेनबो ट्राउटना आधी भरपूर दमवलं. जे पाण्यातच ठेवले त्यांतले बारा तासांत शेकडा १२ मेले. दमल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी शेकडा ३८ मेले आणि पूर्ण मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२. ‘थांब, अजून एक फोटो’ म्हणून मासा उंच धरून उभा असलेला माणूस दिसला की मला हे आकडे तोंडपाठ आठवतात आणि मी ते त्याला ऐकवतोही. त्यामुळे माझे फार मित्र होत नाहीत.

म्हणून चांगला क्लब नवख्याला गळ टाकायच्या आधी सोडायला शिकवतो. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला निघून येतो. जाळी रबराची हवी, सुतळीची नको. मासा जाळीत आणि जाळी पाण्यातच ठेवून गरी काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खिशात थर्मामीटर ठेवायचा. पाणी २० अंश सेल्सियसला पोचलं की ट्राउटची मासेमारी बंद. पाणी तापतं तसा त्यातला ऑक्सिजन कमी होतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर मावतो, २० अंशांना ९च्या आसपास येतो. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. जुलैच्या दुपारी ट्राउट पकडून कितीही हळुवारपणे सोडला तरी तो जगेलच असं नाही.

मालवणच्या माणसाला हे सगळं अजब वाटणारच. आपल्याकडे न पकडायचा मासा म्हणजे देवाचा मासा. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे म्हणून महाशीर माशांना कुणी हात लावत नाही. इथे देवी नाही, त्यामुळे थर्मामीटर आणि नियमपुस्तिका यांच्यावर भागवावं लागतं.

आता खऱ्या कामाकडे येतो. ट्राउटला थंड, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं आणि तळाला मोकळी खडी लागते. मादी बहुधा शरद ऋतूत शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. खडीच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच ती जगतात. फटींत गाळ बसला की अंडी गुदमरतात. म्हणजे मासा वाचवायचा तर त्याला हात न लावता पाणी थंड ठेवायचं, गाळ थांबवायचा आणि वाटेतले अडथळे काढायचे. ट्राउट अनलिमिटेडची स्थापना १९५९ साली मिशिगनमध्ये ऑ सेबल नदीच्या काठी झाली, तीच या भांडणातून. हॅचरीच्या हौदात वाढवलेले मासे सरकारने नदीत सोडत राहण्यापेक्षा नदी सुधारावी, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमच्या घरापासून मस्कोनेटकाँग नदी फार लांब नसणार. होपॅटकाँग तलावातून निघते आणि सुमारे ४२ मैलांवर रीगल्सव्हिलला डेलावेअर नदीला मिळते. २००६ साली तिच्या बऱ्याच भागाला ‘वाइल्ड अँड सीनिक’ म्हणून केंद्राचं संरक्षण मिळालं. खालच्या खोऱ्यात चुनखडीचा दगड आहे, त्यातून गार झरे येतात. ट्राउटला अगदी योग्य जागा. पण जुन्या पिठाच्या आणि कागदाच्या गिरण्यांनी या नदीवर ओळीने बंधारे घातले. गिरण्या गेल्या, बंधारे तसेच राहिले. बंधाऱ्यामागे पाणी पसरून, उथळ होऊन उन्हात पडून राहतं, तापतं, गाळ धरतं, आणि खालचा मासा वर येऊ शकत नाही.

२०११ साली फाइन्सव्हिलचा बंधारा काढला, २०१६ साली त्याच्या वरचा ह्यूझव्हिलचा. पुढच्याच वसंतात, २०१७ साली, अमेरिकन शॅड मासे ह्यूझव्हिलच्या वर सापडले. शॅड म्हणजे बंगाल्यांच्या हिलशाचा भाऊबंद. तसाच समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत चढणारा. डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही, त्यामुळे ते समुद्रातून या नदीच्या तोंडाशी दरवर्षी येतच होते. आत शिरायला वाट नव्हती, एवढंच. वाट मिळाल्यावर ते वॉरन ग्लेनच्या उंच बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत गेले आणि तिथे अडले.

यात श्रेय कुणाचं, हेही सांगतो, कारण क्लबांना फुशारकी मारायची सवय असते. बंधारा काढणं हे पाणलोट संस्था, राज्य आणि केंद्राची खाती आणि इंजिनिअर यांचं काम. आमच्यासारख्या क्लबांचा वाटा दुय्यम, पण नसून चालत नाही असा. गावच्या सुनावणीला जाऊन बसणं हा त्यातला मोठा भाग. बंधारा काढायचा म्हटलं की गावकऱ्यांचा विरोध ठरलेला असतो. कुणाच्या मागच्या अंगणातलं तळं जाणार असतं, कुणाचे वडील तिथे पोहायला शिकलेले असतात, कुणाला पुराची भीती असते. अशा बंधाऱ्यांनी पूर अडत नाही, कारण ते आधीच काठोकाठ भरलेले असतात. हे शांतपणे, रागावू न देता समजावणारी दहा स्थानिक माणसं सभागृहात असली की फरक पडतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचं कुणी ऐकत नाही. शेजाऱ्याचं ऐकतात.

दुसरं एक काम बघायला अगदी रटाळ, पण माझ्या मते क्लबाने करण्यासारखं सर्वांत मोलाचं तेच. ओढ्यांचं मोजमाप. न्यू जर्सीत ज्या ओढ्यात ट्राउट नैसर्गिकरीत्या वीण करतो असं सिद्ध होतं, त्याला राज्य वरच्या, ‘कॅटेगरी वन’ वर्गात घालू शकतं. तसं झालं की दोन्ही काठांना ३०० फुटांपर्यंत बांधकामावर कडक बंधनं येतात. सिद्ध कसं करायचं? राज्याचे जीवशास्त्रज्ञ पाठीवर बॅटरीची पेटी बांधून पाण्यात सौम्य विजेचा प्रवाह सोडतात, मासे क्षणभर गुंगतात, स्वयंसेवक जाळीने उचलून बादलीत घालतात, मोजमाप होतं आणि परत सोडले जातात. त्यात त्याच वर्षीचं, चार बोटं लांबीचं ट्राउटचं पिल्लू सापडलं की वीण होते हे ठरलं. क्लबाचं काम म्हणजे कुठे शोधायचं ते सांगणं. नकाशावर नावसुद्धा नसलेले ओहोळ आम्ही वर्षानुवर्षं चालतो. उन्हाळ्यात तिथे तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं लोखंडी गजाला बांधून पाण्यात ठेवतो आणि शरदात काढतो. ऑगस्टच्या उष्म्यातही एखादा ओहोळ गार राहिलेला दिसला, तर खात्याला कळवतो. मासेमारी न करता मिळालेल्या या कागदाने जितकी जमीन वाचते, तितकी कुठल्याच भाषणाने वाचत नाही.

झाडं लावण्याबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, सगळेच लावतात. फरक नंतर कळतो. ओढ्याच्या काठाला सिकॅमोर, सिल्व्हर मेपल, रिव्हर बर्च असली पाण्याची ओढ असलेली झाडं लावतात. पाच-सात वर्षांत सावली पडू लागते आणि पाणी तापायचं कमी होतं. पण इथे हरणं इतकी आहेत की उघडं रोप एक हिवाळा काढत नाही. म्हणून प्रत्येक रोपाला छातीइतकी उंच प्लास्टिकची नळी घालतात आणि ओकच्या खुंटाला बांधतात. नळीचा खालचा काठ मातीत बोटभर दाबायचा असतो. वर राहिला तर हिवाळ्यात बर्फाखालून व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर आत शिरतात आणि खोडाची साल गोल कुरतडून टाकतात. वरून रोप हिरवं दिसतं, मेमध्ये एकदम वाळतं. नळीच्या तोंडावर जाळीची टोपी घालायची, नाहीतर ब्लूबर्ड पक्षी ढोली समजून आत उतरतो आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. झाड नळीबाहेर आलं की टोपी काढायची, नाहीतर शेंडा वाकडा होतो. आणि खोड जाड झालं की नळीच काढायची.

हे शेवटचं काम कुणी करत नाही. लावायच्या दिवशी शाळेची मुलं, नगराध्यक्ष, डोनट, फोटो, सगळं असतं. नळ्या काढायच्या दिवशी आम्ही पाच म्हातारे. पुरात त्या नळ्या वाहून नदीत जातात तेव्हा संवर्धनाचा कचरा आमच्याच नावावर जमा होतो. बैठकीत एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: जुन्या नळ्या कधी काढल्या? उत्तर देताना चुळबुळ झाली, तर क्लब फोटोपुरता काम करतो असं समजा.

हिवाळ्यात आणखी एक काम असतं, रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं. बर्फ पडला की इथे रस्त्यांवर ढीगभर मीठ पसरतात. ते विरघळून ओढ्यात जातं. मिठातलं क्लोराइड लिटरमागे २३० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिलं तर गोड्या पाण्यातल्या जीवांना घातक, अशी केंद्राची मर्यादा आहे. कागदी पट्टी बुडवायची, आकडा वाचायचा, फोटो पाठवायचा. तुमच्या मुलीला आजपासून करता येईल असं हे काम आहे.

आता ते हॅचरीच्या माशांचं भांडण. ब्रूक ट्राउट हा न्यू जर्सीचा एकमेव मूळचा ट्राउट आणि १९९१ पासून राज्याचा अधिकृत मासा. पोटाकडे केशरी, परांच्या कडेला दुधासारखी पांढरी रेघ. ब्राउन ट्राउट युरोपातून १८८३ साली अंड्यांच्या रूपात अमेरिकेत आला, रेनबो पॅसिफिककडचा. राज्याची हॅचरी दर वसंतात लाखाच्या वर रेनबो नद्यांत सोडते. लोक ते पकडतात, खातात, परवाने विकले जातात, त्या पैशांतून खातं चालतं. मला त्यात काही वाईट दिसत नाही. फक्त त्याला संवर्धन म्हणू नये. मूळचा ब्रूक ट्राउट जिथे तगून आहे अशा गार ओहोळात हौदातला किंवा परदेशी मासा गेला, तर तो अन्न आणि जागा दोन्ही बळकावतो. राज्याने वायव्येकडच्या भागात ब्रूक ट्राउट सोडून देणं सक्तीचं केलं ते योग्यच झालं. क्लबात मात्र यावरून अजून आवाज चढतात, कारण पुष्कळांचा आवडता मासा ब्राउन आहे.

आणि गंमत म्हणजे अडथळे काढायच्या आमच्या आवडत्या कामाचीही इथे पंचाईत होते. रस्त्याखालच्या एखाद्या मोरीचं तोंड खालच्या पाण्यापासून हातभर वर लटकलेलं असतं. मासा उडी मारून चढू शकत नाही. मोरी बदला म्हणून आम्ही मागे लागतो. पण कधीकधी तीच लटकती मोरी वरच्या ब्रूक ट्राउटना खालच्या ब्राउनपासून वाचवत असते. म्हणून आधी वर-खाली कोणते मासे आहेत ते बघायचं आणि मगच ठरवायचं. सरसकट ‘मोकळं करा’ म्हणणारा माणूस घाईत असतो.

हौदातल्या माशांनी नदीचं काय होऊ शकतं, याचा धडा आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेला आहे, म्हणून सांगतो. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटा पॉवरच्या हॅचरीत १९७०च्या दशकापासून निळ्या पराचा महाशीर वाढवतात. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदवलेली ही आपल्याकडची जात. धरणांमुळे कमी झालेला मासा वाढवायचा, हा हेतू चांगला होता आणि कृत्रिम वीण जमवणं ही मोठीच कामगिरी होती. पण ही पिल्लं दूरदूर वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मूळचा कुबडाचा महाशीर होता, गळाने पकडणाऱ्यांत जगभर प्रसिद्ध. पुढे तो दिसेनासा होऊ लागला. हे कळलं कशावरून? गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गालिबोरच्या मासेमारी तळावर १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा निळ्या पराचा वाढत गेलेला आणि कुबडाचा घटत गेलेला स्पष्ट दिसला. त्या माशाचं शास्त्रीय नावसुद्धा २०१८ साली पक्कं झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून गेला. महाशीर कमी व्हायला वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी अशी इतर कारणंही आहेतच. पण बाहेरून आणून सोडलेला मासा हा त्यातला दुर्लक्ष करण्यासारखा भाग नाही. ही गोष्ट मी इथल्या बैठकीत सांगतो तेव्हा दोन गोष्टी पदरात पडतात: हौदावर भरवसा ठेवू नका, आणि पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहीत ठेवा.

पैशांचा प्रश्न विचारलात तर वर्गणी मामुली असते. कामाचा खर्च वर्षाच्या जेवणावळीतल्या लिलावातून आणि अनुदानातून निघतो. शिवाय १९५० सालच्या केंद्राच्या कायद्याने रॉड, रीळ, गऱ्या अशा सामानावर उत्पादकाकडून दहा टक्के कर घेतात आणि तो राज्यांच्या मत्स्य खात्यांना वाटतात. तेव्हा रॉड विकत घेणारा माणूस नकळत थोडंफार देतोच. महागड्या रॉडचं वेड काही सभासदांना आहे, नाही असं नाही. क्लबाचं सरासरी वय साठीच्या पुढे आहे आणि कित्येक बैठकांत देशी चेहरा माझा एकट्याचाच असतो. वागायला मात्र माणसं साधी. तरुण हात मिळाले की खूश होतात, जरा जास्तच. पहिल्याच बैठकीत तुम्हाला खजिनदार करू पाहतील, सावध राहा.

जानेवारी-फेब्रुवारीत फ्लाय बांधायच्या संध्याकाळी असतात. गरी छोट्या शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या घट्ट पकडीत, धरायची आणि दोरा, पिसं, लोकर गुंडाळून किडा तयार करायचा. तुमच्या मुलीला हे सगळ्यात आवडेल. तिथे कुणी जंगल कॉक नावाचं काळं, मेणासारखा चमकणारा ठिपका असलेलं पीस दाखवलं तर नीट बघा. तो आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा. या पिसांसाठी त्याची एके काळी बेसुमार शिकार झाली. भारतातून निर्यात केव्हाच बंद झाली, आता परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं येतात. क्लबातल्या जुन्या मंडळींकडे कधीकधी आजोबांच्या काळातला डबा निघतो. फ्लाय फिशिंगच्या नाजूक परंपरेची ही बाजू तिथे फारशी बोलली जात नाही. मी बोलतो.

वर्गातल्या टाकीचं म्हणाल, तर तो उपक्रम क्लबाच्या खऱ्या कामांपैकी आहे, जरी त्या पिल्लांनी नदीत मासे वाढत नसले तरी. ऑक्टोबरात हॅचरीतून अंडी येतात, शीतक लावून पाणी थंड ठेवतात, मुलं रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासतात, मेच्या सुमाराला परवानगी असलेल्या ठिकाणी पिल्लं सोडतात. त्यातून मुलांना कळतं की पाणी जरा बिघडलं की मासा मरतो. सोडायच्या दिवशी जीवशास्त्रज्ञ किंवा क्लबातलं कुणीतरी ओढ्यातला दगड उलटून दाखवतं. खाली मेफ्लायच्या चपट्या अळ्या, स्टोनफ्लाय, खड्यांची नळी स्वतःभोवती चिकटवून बसलेला कॅडिस. हे तिन्ही भरपूर दिसले तर पाणी चांगलं. नुसते गांडुळासारखे लाल किडे दिसले तर कुठेतरी सांडपाणी मिसळतंय.

जाण्यापूर्वी काही विकत घेऊ नका. रॉड क्लबाकडे उधार मिळतो. मुलीला १६ वर्षांपर्यंत परवाना लागत नाही. तुम्ही गळ टाकणार असाल तर तुम्हाला लागेल आणि ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्पही. पुढे पाण्यात उतरायचे बूट घ्याल तेव्हा तळाला फेल्ट (दाबून केलेलं लोकरीसारखं जाड कापड) नको, रबर घ्या. २०१८ साली मस्कोनेटकाँगमध्ये न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडली. तांदळाच्या दाण्याएवढी, नराशिवाय वाढणारी, त्यामुळे एकच मादी बुटाच्या चिखलातून दुसऱ्या नदीत गेली तरी वसाहत उभी राहते. ट्राउटने खाल्ली तर बऱ्याचदा जिवंतच बाहेर पडते. फेल्टमध्ये ती अडकून, ओलीच राहून तग धरते. नदीवरून आल्यावर बूट ब्रशने घासा, आणि दुसऱ्या नदीवर जायचं असेल तर आधी पिशवीत घालून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.